फर्माईशीची गाणी गिटारवर बसवावीत का?

प्रश्न फोंड्याच्या एका तरुणाचा आहे. चार वर्षं गिटार शिकतोय, ग्रेडच्या परीक्षा चालू आहेत, फिंगरस्टाईल, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडत वाजवणं, आवडते, स्वतःच्या दोन-तीन चालीही बांधून झाल्यात. पण गिटार बाहेर काढली की लोक तीच पंधरा-वीस गाणी मागतात, आणि येत नाही म्हटलं की "मग इतकी वर्षं शिकलास काय?" हे ऐकावं लागतं. आता मोरजीच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, आठवड्यातून दोन संध्याकाळी वाजवायचं बोलणं चाललंय. तर ही घासून गुळगुळीत झालेली गाणी शिकण्यात वेळ घालवावा का? घालवायचा तर कुठल्या गाण्यांवर? आणि मोबाईलवर कॉर्ड (गाण्यामागे एकत्र वाजवायचे सूर) लावून वाजवलं तर चालतं का?

माझं मत आधीच सांगतो. शिकावीत, पण बहुतेक जण शिकतात तशी नव्हे. का ते जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे वाजवणारे एकत्र झालेत. एक घरी स्वतःपुरता वाजवतो. दुसरा चतुर्थीला किंवा मित्राच्या गच्चीवर गिटार काढतो. तिसरा पैसे घेऊन खुर्चीवर बसतो. पहिल्यावर कुणाचं काही देणं नाही. त्याने जन्मभर एकही लोकप्रिय गाणं शिकलं नाही तरी त्याचं काही अडत नाही, त्याला टोकणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावं. तिसऱ्याला निवड जवळजवळ नसतेच. शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) न ठेवणाऱ्या खाणावळीत गोंयकार दुसऱ्यांदा पाऊल टाकत नाही, तसंच हे. त्याशिवाय आणखी काय शिजवायचं ते मात्र तुम्ही ठरवा. खरी गडबड होते ती दुसऱ्याची. त्याला वाटतं लोक आपली परीक्षा घेतायत, आणि तुमच्या प्रश्नातली चीड तिथूनच आलेली दिसते.

हॉटेलांत आणि लग्नांत बरीच वर्षं वाजवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक जण उठतो, जवळ येतो, गाण्याचं नाव सांगतो. तुम्ही सुरू करता. दुसऱ्या ओळीला तो तुमच्याकडे बघतही नसतो. त्याचं तोंड मित्रांकडे, हातात ग्लास, आणि तो स्वतः गात असतो. त्याला ते गाणं तुमच्याकडून ऐकायचं नव्हतं, त्याला ते गायचं होतं आणि मागून कुणीतरी धरायला हवं होतं. फर्माईशीची गाणी घासून गुळगुळीत का होतात, याचं उत्तर बरंचसं यातच आहे. ज्यांचं धृपद दहा जणांना एकदम गाता येतं तीच गाणी मागितली जातात. म्हणजे तुमच्याकडून मागणी आहे ती साथीची, आणि साथ ही सोलो वादनापेक्षा वेगळी विद्या आहे. ग्रेडच्या परीक्षेत ती फारशी येत नाही, फिंगरस्टाईलमध्ये तर नाहीच.

उदाहरणाला सगळ्यात जास्त शिव्या खाणारं गाणं घेऊ, ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. १९७६ चं गाणं, पण गोव्यात आजही ते न मागता जाणारी संध्याकाळ विरळा. शिकणारी मुलं काय करतात? शेवटचा दोन गिटारींचा लांबलचक सोलो महिनोन्‌महिने घोटतात. एकट्या गिटारवर शॅकमध्ये तो सोलो कुणी मागत नाही. वाजवायला घेतलात तर मागे कॉर्ड धरायला कोणी नाही, म्हणून तो पोकळ लागतो आणि लोक बोलायला लागतात. खरं काम वेगळं आहे. मूळ गाणं बी मायनरमध्ये आहे. रेकॉर्डवरची सुरुवातीची बारा तारांची गिटार सातव्या घरावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून ई मायनरच्या कॉर्डच्या आकारांनी वाजवलेली आहे, म्हणून ती तशी किणकिणते. तुमच्याकडे एकच साधी गिटार असेल तर ए मायनरचे आकार घ्या: ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई. कॅपो दुसऱ्या घरावर लावलात की मूळ पट्टी मिळते. पण मूळ गायकाचा आवाज चढा आहे. टेबलावरचा पन्नाशीचा माणूस तिथे पोचत नाही, धृपदाला त्याचा आवाज फाटतो आणि तो लाजून बसतो. म्हणून पहिल्या ओळीतच कान देऊन ऐकायचं. त्याचा आवाज बसका असेल तर "एक मिनिट" म्हणून कॅपो सरळ काढून टाकायचा. आकार तेच राहतात, गाणं एक सूर खाली येतं, आणि तो माणूस शेवटपर्यंत गातो. कॅपो काढायला दोन सेकंद लागतात. सोलोपेक्षा या दोन सेकंदांमुळे तुम्हाला पुन्हा बोलावतील.

पट्टीचं हे प्रकरण आपल्याकडे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. तुम्ही फोंड्याचे आहात. मंगेशी, म्हणजे दीनानाथ मंगेशकरांचं आणि जितेंद्र अभिषेकींचं गाव, तुमच्याच तालुक्यात. आपल्या भागात भजनात, नाटकात, चतुर्थीच्या आरत्यांत गाणारी माणसं घरटी सापडतात, आणि त्यांना ‘सी शार्प’ म्हणून विचारलंत तर ती तुमच्या तोंडाकडे बघतील. ती सांगणार ‘काळी एक’, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. हे तुम्हाला झोपेतसुद्धा यायला हवं. काळी एक म्हणजे सी शार्प: कॅपो पहिल्या घरावर आणि सीचे आकार, किंवा चौथ्या घरावर आणि एचे. काळी दोन म्हणजे डी शार्प: पहिल्या घरावर डीचे, नाहीतर तिसऱ्यावर सीचे. काळी चार म्हणजे जी शार्प: पहिल्या घरावर जीचे. पांढरी पाच म्हणजे साधा जी, कॅपोच नको. पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचकडे, म्हणजे मध्ये मध्यम-पंचमाचं अंतर धरून चाला. आणि एक फसवणारी जागा आहे. गाणारा म्हणेल "काळी एक, पण मध्यमातून गाणार." तेव्हा तुमचा सा झाला एफ शार्प. हे आधी विचारलं नाही तर पहिल्याच ओळीला सगळे एकमेकांकडे बघतात.

आता शिकायचं कसं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पाश्चात्त्य रोमन आकड्यांऐवजी सरगमीतून कॉर्ड सांगतो, कारण आपल्या कानात ती आधीपासून असते. साचा कॉर्ड, मचा कॉर्ड, पचा कॉर्ड हे मेजर. रे, ग, ध यांचे मायनर. सी पट्टीत सा-प-ध-म म्हणजे सी, जी, ए मायनर, एफ. इंग्रजी पॉपमधली किती गाणी या चार कॉर्डच्या फेऱ्यावर फिरतात ते एकदा कळलं की पंधरा गाणी वेगवेगळी पाठ करण्यातली गंमतच निघून जाते. हेच कॉर्ड सा-ध-म-प असे लावलेत की पन्नास-साठच्या दशकातल्या संथ नाचाच्या गाण्यांचा मोठा गठ्ठा हाताला लागतो. जुन्या हिंदी गाण्यांत मात्र हा फेरा नेहमी चालत नाही. तिथे अंतरा कुठे जातो ते प्रत्येक गाण्याचं वेगळं ऐकावं लागतं, आणि तोच भाग मला जास्त आवडतो.

म्हणून गाणी दोन ढिगांत वाटा. पहिला ढीग लहान ठेवा. यात अशी गाणी घ्या ज्यांची ओळख सुरुवातीच्या गिटारच्या तुकड्यावरच होते. तो तुकडा अचूकच यायला हवा, कारण लोक तिथेच टाळ्या वाजवतात आणि पुढे काय वाजतंय याकडे लक्ष देत नाहीत. दुसरा ढीग कितीही मोठा असू दे. त्यातल्या गाण्याची फक्त पट्टी, फेरा, लय आणि धृपदाचे शब्द माहीत असले की पुरे. ऐनवेळी मागितलेलं गाणं पूर्वी वाजवलेलं नसलं तरी फेरा ओळखता आला तर निभावतं. "पहिली ओळ तुम्ही धरा, मी येतो मागून" असं म्हटलेलं लोकांना फार आवडतं. "येत नाही" म्हणण्यापेक्षा ते खरंही आहे आणि उपयोगाचंही.

याला एक अपवाद आहे, लग्न. कॅथलिक लग्नात नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाचं गाणं कधीही ऐनवेळी धरू नये. त्या दोघांनी रेकॉर्डवर सराव केलेला असतो. पट्टी बदलली तर त्यांना कळणारसुद्धा नाही, पण लय थोडी जरी हलली तरी पाय अडकतात. किती कडव्यांनंतर थांबायचं तेही आधी ठरलेलं असतं. ते गाणं पूर्ण, रेकॉर्डच्या लयीत, मेट्रोनोमवर बसवा. पुढे ‘मसाला’ सुरू झाला की म्हणजे दुलपदांची (जलद चालीच्या कोंकणी नाचगाण्यांची) माळ लागली की नियम उलटा होतो: कुठलं दुलपद कशानंतर येईल ते नाचणारे ठरवतात आणि तुम्ही नुसतं धावायचं. दुलपद सहाच्या मोजणीत चालतं, तीन-तीन. त्यामुळे दादरा येणाऱ्याला वाटतं आपल्याला हे येतंच. मोजणी तीच, चाल वेगळी. दादऱ्यात समेवर जरा टेकायला मिळतं, दुलपदात दोन्ही तिनांवर पाय उचलले जातात. उजवा हात मनगटातून सैल ठेवला नाही तर दहा मिनिटांत दुखायला लागतो.

कुठली गाणी, याची यादी इंटरनेटवर शोधू नका. तिथल्या याद्या अमेरिकेतल्या किंवा दिल्लीतल्या खोलीसाठी असतात. यादी ठरते ती तुमच्या समोर कोण बसलंय यावरून, आणि गोव्यात हे दर दहा किलोमीटरला बदलतं. मोरजीच्या किनाऱ्यावर बाहेरदेशीचे लोक जास्त असतील तर इंग्रजी जुनी गाणी लागतील. डिसेंबरात देशभरातले पाहुणे येतात आणि संध्याकाळ हिंदीवर जाते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं आली की दुसऱ्या गाण्यालाच कुणीतरी विचारतं, "मराठी येतं का हो काही?" ते विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद असतो की मराठी गाणी न ठेवणं हा निव्वळ आळस म्हणायला हवा. शेजारच्या इंग्रजी-हिंदी वाजवणाऱ्यांकडे ती बहुधा नसतात, त्यामुळे तुमचा तो सरळ फायदा आहे. आणि रात्री नऊनंतर बारजवळ उभे असलेले आपले स्थानिक: "पात्रांव, एक कोंकणी मार मरे!"

कोंकणीतलं एक तरी गाणं नीट, सगळ्या कडव्यांसकट यायलाच हवं, आणि ते कुठलं असावं याबद्दल मला शंका नाही: ‘हांव सायबा पलतडी वैता’. कार्लुस युजेनियो फेरेरा यांची ही देखणी (कोंकणी नाचगाण्याचा एक प्रकार) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. होडीवाल्याला पलीकडे पोचवायची विनवणी करणारी नाचणारी, आणि दामूच्या लग्नाला जायची तिची घाई. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातल्या एका गाण्यात तिचं ‘घे घे’चं पालुपद आलं आणि ती देशभर गेली. त्यामुळे इंदूरहून आलेला पाहुणा ती ‘बॉबीवाला गाना’ म्हणून मागतो, सासष्टीतली आजी देखणी म्हणून मागते, आणि आपल्याकडच्या निम्म्या बायकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्यावर नाच केलेला असतो. एकच गाणं तीन टेबलांना लागू पडतं. पण नुसतं पालुपद घोळवत बसलात तर आजी हातातला चमचा खाली ठेवून तुम्हाला पुढचं कडवं सांगेल, आणि ते बरोबरच आहे.

आता तुमची मूळ भीती: याने आपण स्वस्त होतो का? इथे मी थोडा कडक आहे. ही भीती बहुधा ज्यांना फर्माईश धड वाजवता येत नाही त्यांच्याच तोंडी मी ऐकतो. आपल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये आणि क्लबांत ट्रम्पेटवर लोकांना नाचायला हवं ते वाजवत होते. तेच सी. रामचंद्रांचे सहायक झाले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्या नाचाच्या संगीताचा ठसका हिंदी गाण्यांत उतरला. त्या पिढीतल्या गोव्याच्या किती वादकांनी रात्री हॉटेलात फर्माईशी आणि दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग असं केलं. लोकांच्या आवडीचं वाजवून त्यांचा कान बिघडला नाही, उलट लोक कुठे उठून नाचतात ते त्यांना पक्कं कळत होतं.

मात्र नुकसान होतच नाही असंही नाही. रोज त्याच लयीत स्ट्रम करत, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत, राहिलं की हाताला एकच चाल लागते आणि मग नवीन गाणंसुद्धा त्याच चालीत जातं. माझ्या ओळखीतल्या कित्येकांची सगळी गाणी आता एकाच गाण्यासारखी वाजतात. तुम्ही फिंगरस्टाईल वाजवता, तर आणखी एक गोष्ट: स्टीलच्या तारांवर नखांनी दोन तास स्ट्रम केलंत तर नखं झिजतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमची आवडती रचना खरखरीत ऐकू येते. स्ट्रमला पिकच (तारा छेडायची छोटी चकती) वापरा. आणि परीक्षेच्या तुकड्यांचा रियाज सकाळी, शॅकला जायच्या आधी. रात्री आल्यावर बोटं काही ऐकत नाहीत.

स्वतःच्या चाली शॅकमध्ये वाजवायच्या का? जरूर. फक्त जागा बघून. पहिल्या तासात लोक जेवत असतात, मागणी कमी असते, तेव्हा दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये, शक्यतो त्याच पट्टीत आणि तशाच लयीत एक घ्या. "आता माझं एक गाणं" अशी प्रस्तावना करू नका. कुणी येऊन "हे कुणाचं?" विचारलं की सांगा. फर्माईशी चांगल्या वाजवणाऱ्याला लोक ही एवढी सवलत आनंदाने देतात.

शेवटच्या अर्ध्या तासाचं गणित वेगळं असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद होतो, आणि साडेनऊला सगळ्यांना एकदम आठवतं की आपलं गाणं राहिलंच. म्हणून सगळ्यात हुकमी दोन-तीन गाणी तिथवर राखून ठेवा. कुणी नोट पुढे करून तेच गाणं तिसऱ्यांदा मागितलं तर "मघाशी झालं, जमलं तर शेवटी परत घेतो" म्हणा आणि नोट तेव्हाच घ्या. मालकाशी आधीच बोलून ठेवा की माईक पाहुण्यांच्या हातात द्यायचा की नाही. हा निर्णय तुमच्या एकट्याच्या अंगावर येऊ देऊ नका, कारण एकदा माईक गेला की तो परत मागायला तुम्हालाच जावं लागतं.

बोलणं पक्कं व्हायच्या आधी एकदा शनिवारी आणि एकदा मधल्या वारी त्या शॅकमध्ये नुसतं जाऊन बसा. आत्ता तिथे जो वाजवतो त्याला लोक काय मागतात ते लिहून काढा. तीच तुमची पहिली यादी. त्यातली जी दोन्ही दिवशी आली ती पहिल्या ढिगात टाका, बाकीची दुसऱ्या.

मोबाईलचं म्हणाल तर शब्दांसाठी चालतो. कॉर्डसाठी त्याच्यावर विसंबू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या कॉर्डमध्ये पट्टी भलतीच असते, कॅपोचा उल्लेख नसतो, आणि गाणाऱ्याने पट्टी बदलली की समोरचं सगळं निरुपयोगी होतं. किनाऱ्यावर रेंज जाते ती वेगळीच. मी एक छोटी वही ठेवतो. एका गाण्याला एकच ओळ: नाव, पट्टी, कॅपोचं घर, सरगमीतला फेरा आणि दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द, कारण पहिलं कडवं सगळ्यांना येतं आणि दुसऱ्याला सगळेच चाचपडतात. वहीला कपड्यांचा चिमटा लावा, वाऱ्याने पानं उलटतात. आणि फोन ठेवायचाच असेल तर फ्लाइट मोडवर. स्टँडवर लावलेल्या फोनवर ऐन धृपदात "जेवायला येणार का?" असा घरचा मेसेज आला की पुढच्या टेबलावरचे आधी तो वाचतात.